देशोदेशींच्या तुलनेत खानदेश कोठे दिसतो? : विकास, शासन, आरोग्य आणि पर्यावरण यांवरील संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी कोणता ना कोणता जागतिक अहवाल प्रसिद्ध होतो, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात भारताचा क्रमांक छापून येतो आणि आठवडाभरात तो विसरलाही जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व समाजकार्य शिकणारे विद्यार्थी, तालुका पातळीवरचे वार्ताहर आणि आरोग्य विभागातील कर्मचारी यांच्याकडून या अहवालांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

देशोदेशींचे तुलनात्मक संशोधन म्हणजे नेमके काय?

एकेक देश हा एकेक नमुना धरून उत्पन्न, आयुर्मान, शिक्षण, भ्रष्टाचार, बालमृत्यू, हवेची गुणवत्ता अशा बाबी सगळ्या देशांत शक्य तितक्या सारख्या पद्धतीने मोजायच्या आणि त्यांचे परस्परसंबंध तपासायचे, असे या संशोधनाचे स्वरूप असते. त्याचे दोन प्रकार ढोबळमानाने वेगळे ओळखावेत. पहिला प्रकार निर्देशांकांचा. त्यात अनेक आकडे एकत्र करून देशांची यादी लावली जाते. दुसरा प्रकार कारणमीमांसेचा. त्यात काही देश श्रीमंत आणि काही गरीब का राहिले, किंवा सारख्याच उत्पन्नाच्या दोन देशांपैकी एकात माणसे दहा वर्षे अधिक का जगतात, असे प्रश्न हाताळले जातात. बातमी पहिल्या प्रकाराची होते. अभ्यासाचे खरे मोल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात असते.

एवढ्या मोठ्या तुलनेचा आमच्या तीन जिल्ह्यांशी काय संबंध?

संबंध आधी आकारमानाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख ३० हजार, धुळ्याची २० लाख ५१ हजार आणि नंदुरबारची १६ लाख ४८ हजार होती. क्रोएशिया या युरोपीय देशाची २०२१ च्या जनगणनेतील लोकसंख्या ३९ लाखांच्याही आत आहे. मानव विकास निर्देशांकाच्या २०२५ च्या अहवालात पहिल्या स्थानी असलेल्या आइसलँडची सगळी लोकसंख्या चार लाखांहून कमी भरते, म्हणजे २०११ सालच्या एकट्या जळगाव शहराहूनही कमी. तुलनेच्या तक्त्यात मात्र आइसलँडलाही एक ओळ आणि १४० कोटींच्या भारतालाही एकच ओळ मिळते. त्या एका ओळीत रावेर-यावलच्या केळीच्या बागा आणि अक्राणीच्या डोंगरातले पाडे एकत्र मिसळून जातात.

दुसरा संबंध उलट दिशेचा आहे. जागतिक तक्त्यातला भारताचा आकडा आकाशातून पडत नाही. धडगावजवळच्या एखाद्या पाड्यावर वजनकाटा खांद्याला लावून चढून गेलेल्या सर्वेक्षकाच्या नोंदीपासून त्याची सुरुवात होते. ती नोंद चुकली, तर पुढे कितीही उच्च दर्जाचे गणित केले तरी ती चूक आकड्यातून जात नाही.

मानव विकास निर्देशांक कसा काढतात?

पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या वैचारिक साहाय्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल १९९० साली प्रसिद्ध केला. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, ही केवळ कालगणनेची गंमत.) केवळ दरडोई उत्पन्नावरून देशाची प्रगती ठरवू नये, त्यासोबत आयुष्य आणि शिक्षणही मोजावे, हा त्यामागचा विचार होता.

पद्धत समजायला कठीण नाही. आयुर्मानासाठी किमान मर्यादा २० वर्षे आणि कमाल मर्यादा ८५ वर्षे धरली आहे. २०२३ या वर्षासाठी भारताचे आयुर्मान ७२ वर्षे धरले गेले. ७२ मधून २० वजा केल्यास ५२ उरतात, त्यांना ६५ ने भागल्यास ०.८० हा आरोग्याचा घटक मिळतो. शिक्षण आणि उत्पन्न यांचे घटक साधारण अशाच रीतीने काढून तिन्हींची भूमितीय सरासरी (तिन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे घनमूळ) घेतली जाते. पूर्वी साधी सरासरी घेत असत. २०१० पासून बदल झाला, कारण साध्या सरासरीत एका घटकातील कमतरता दुसऱ्या घटकातील वाढीने सहज झाकली जात होती. या पद्धतीने भारताचा निर्देशांक ०.६८५ आणि १९३ देशांत क्रमांक १३० येतो.

मग नंदुरबारचा क्रमांक कितवा?

जागतिक यादीत जिल्ह्याला स्थान नसते. मात्र त्याच अहवालात, देशातील विषमता हिशेबात घेतल्यास निर्देशांक किती घटतो, हेही दिलेले असते, आणि भारताच्या बाबतीत ही घट सुमारे ३१ टक्के आहे. पहिल्या पानावरच्या बातमीत हा आकडा क्वचितच येतो. खानदेशातील वाचकाने तोच आधी शोधावा, असे माझे मत आहे.

जिल्हा पातळीवर अधिक उपयोगी पडते ती बहुआयामी दारिद्र्याची मोजणी. ऑक्सफर्ड विद्यापीठातील अभ्यासगट आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी २०१० मध्ये ती जगासाठी सुरू केली. त्यातील दहा निकषांत माता-आरोग्य आणि बँक खाते या दोन निकषांची भर घालून नीती आयोगाने तिचे भारतीय रूप तयार केले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावर आधारलेल्या पहिल्या मोजणीत महाराष्ट्रातील जिल्ह्यांमध्ये सर्वाधिक दारिद्र्य नंदुरबारमध्ये आढळले, आणि तेथील निम्म्याहून अधिक लोक या व्याख्येत बसत होते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या आकांक्षित जिल्ह्यांत (विकासात मागे राहिले म्हणून केंद्र सरकारने विशेष लक्ष देण्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत) महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांतही गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्यासोबत नंदुरबार होते.

डॉलरमध्ये दिलेल्या उत्पन्नाची तुलना विश्वसनीय असते का?

बाजारातल्या विनिमय दराने केलेली तुलना फसवी असते. रावेरची केळी आखाती देशांत जातात, त्यामुळे तिच्या भावावर जगाच्या बाजाराचा परिणाम होतो. फैजपूरच्या केशकर्तनालयातला कारागीर मात्र नॉर्वेत जाऊन केस कापत नाही. त्याचे काम ओस्लोतल्या कारागिराइतकेच चांगले असूनही त्याचा दर अनेक पटींनी कमी असतो. अशा स्थानिक सेवा भारतात स्वस्त असल्यामुळे एका डॉलरच्या रुपयांत येथे कितीतरी अधिक खरेदी होते. म्हणून क्रयशक्ती समतेचा हिशेब करतात. बाजारात डॉलर ऐंशी रुपयांच्या पुढे गेला असतानाही या हिशेबाने तो साधारण वीस-बावीस रुपयांच्या घरात येतो.

अडचण अशी, की हे दर ठरवण्यासाठी गोळा केलेल्या किमती प्रत्येक बाजारपेठेतून येऊ शकत नाहीत, आणि गरिबाच्या टोपलीतल्या वस्तू देशाच्या सरासरी टोपलीपेक्षा वेगळ्या असतात. कळण्याची भाकरी खाणाऱ्या घराचा महागाईचा अनुभव आणि राष्ट्रीय सरासरी यांचा मेळ बसेलच असे नाही. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा २०२२ मध्ये दररोज २.१५ डॉलर आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर झाली, त्यामागे नव्याने गोळा केलेल्या किमती आणि गरीब देशांच्या सुधारलेल्या दारिद्र्यरेषा होत्या. रेषा सरकली म्हणून एका रात्रीत कोणी गरीब किंवा श्रीमंत झाले नाही.

‘सुशासन’ मोजता येते का?

काही अंशी येते, पण मोजणारा कोणाला विचारतो यावर पुष्कळ अवलंबून असते. जागतिक बँकेचे शासनविषयक निर्देशक १९९६ पासूनचे उपलब्ध आहेत. लोकांचा आवाज व उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, शासनाची कार्यक्षमता, नियमनाची गुणवत्ता, कायद्याचे राज्य आणि भ्रष्टाचारावरील नियंत्रण असे त्यांचे सहा विभाग आहेत. विविध संस्थांची सर्वेक्षणे व तज्ज्ञांची मते एकत्र करून प्रत्येक देशाला साधारण उणे २.५ ते अधिक २.५ या दरम्यान गुण दिले जातात. त्यांतली एक गोष्ट मला प्रामाणिक वाटते, ती अशी की गुणांसोबत संभाव्य चुकीची मर्यादाही छापली जाते. ती पाहिल्यास यादीत शेजारी बसलेल्या दहा-पंधरा देशांमध्ये बहुधा काहीच निश्चित फरक नसतो.

बर्लिनस्थित ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल १९९५ पासून भ्रष्टाचाराविषयीच्या धारणांचा निर्देशांक काढते; २०२४ मध्ये भारताला १०० पैकी ३८ गुण आणि ९६ वा क्रमांक मिळाला. येथे ‘धारणा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या निर्देशांकात उद्योजक आणि तज्ज्ञ यांचे मत मोजले जाते. सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त करण्यासाठी तालुक्याच्या गावी चार खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी कोणी विचारत नाही.

व्यवसायसुलभतेच्या अहवालाची कथा सर्वांत बोलकी आहे. जागतिक बँकेच्या या यादीत भारत काही वर्षांत १४२ व्या क्रमांकावरून ६३ व्या क्रमांकावर आला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. भारतासाठीची माहिती मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांतून घेतली जात होती. धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत वीजजोडणी मिळायला किती दिवस लागतात, याचा त्या क्रमांकाशी काही संबंध नव्हता. पुढे २०१८ आणि २०२० च्या अहवालांत काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे चौकशीत पुढे आले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने अहवालच बंद केला.

आरोग्याचे आकडे कोठून येतात, आणि ते कितपत खरे असतात?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण खानदेशाचा सर्वांत निकटचा संबंध येथेच येतो.

श्रीमंत देशांत प्रत्येक मृत्यूची व त्याच्या कारणाची नोंद होते, त्यामुळे आयुर्मान थेट काढता येते. भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकीही जेमतेम चार-पाचात एका मृत्यूचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. उरलेल्यांसाठी नमुना पाहणी आणि ‘मौखिक शवचिकित्सा’, म्हणजे घरच्यांना आजाराची लक्षणे विचारून कारण ठरवण्याची पद्धत वापरावी लागते. सातपुड्याच्या पाड्यावर ही विचारपूस मराठीत करून भागत नाही. ती पावरीत किंवा भिलीत करावी लागते, आणि त्या बोलीत आजाराला असलेले नाव सर्वेक्षकाच्या यादीतल्या नावाशी जुळवताना बराच अर्थ गळून जातो. कोविडच्या काळात या उणिवेचा परिणाम सर्वांनी पाहिला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असते त्याहून अधिक मृत्यू, झाले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. त्याच काळासाठी कोविड मृत्यूंची अधिकृत संख्या पाच लाखांच्या आत होती, आणि केंद्र सरकारने संघटनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. दोन आकड्यांतले एवढे अंतर मुळात संभवते, कारण नोंदींचा पाया कच्चा आहे.

कुपोषणाचे आकडे मुख्यतः राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येतात. अनेक विकसनशील देशांत सारख्या प्रश्नावलीने होणाऱ्या सर्वेक्षणांच्या मालिकेचाच हा भारतीय भाग असल्यामुळे त्याचे आकडे घाना किंवा बांगलादेशाच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. २०१९-२१ च्या फेरीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि १९.३ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. महाराष्ट्रात खुजेपणा जवळपास राष्ट्रीय सरासरीइतका, म्हणजे ३५.२ टक्के होता, पण कृश बालकांचे प्रमाण २५.६ टक्के, म्हणजे देशाहून बरेच अधिक होते. नंदुरबारमध्ये तर निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली.

आता मोजणीतल्या अडचणी पाहू. खुजेपणा ठरवण्यासाठी बालकाचे वय महिन्यांत माहीत असावे लागते. जन्म घरी झालेला असेल आणि जन्मतारीख ‘होळीच्या आधी’ किंवा ‘भोंगऱ्याच्या वेळी’ अशी सांगितली जात असेल, तर दोन महिन्यांच्या चुकीनेही मूल एका गटातून दुसऱ्यात जाते. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेल्या कुटुंबांच्या दारांना कुलपे असतात, आणि बहुधा तीच कुटुंबे सर्वांत गरीब असतात. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात सरासरी नऊशेच्या आसपास घरे निवडली जातात, त्यांत पाच वर्षांखालील मुले काही शेच सापडतात. चारशे मुलांच्या मोजणीतून आलेले ४६ टक्के हे प्रमाण प्रत्यक्षात ४१ ते ५१ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याचे प्रमाण ४८ वरून ४६ झाले म्हणून पेढे वाटू नयेत, आणि ४६ वरून ४८ झाले म्हणून लगेच कोणाला निलंबितही करू नये.

आदिवासी मुले मुळातच चणीने लहान असतात, मग त्यांना परदेशी मापाने का मोजायचे?

हा प्रश्न सुशिक्षित माणसांकडूनही फार वेळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ पासूनची वाढीची मापे सहा देशांतील मुलांच्या अभ्यासावर आधारलेली आहेत: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुले दक्षिण दिल्लीतली होती. पुरेसे अन्न, स्तनपान, स्वच्छता आणि वैद्यकीय सेवा मिळाल्यास या सहाही ठिकाणची लहान मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यात दिसले. त्या मापांना काही तज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. परंतु ‘त्यांची चणच तशी’ हे उत्तर अंगणवाडीत आहार वेळेवर न पोहोचण्याची सोय करून देते, म्हणून ते पुराव्याशिवाय स्वीकारू नये.

जागतिक भूक निर्देशांकावर एवढा वाद का होतो?

कारण नाव भुकेचे आहे आणि मोजणी बरीचशी बालकांची आहे. चार घटकांपैकी खुजेपणा, कृशता आणि बालमृत्यू हे तीन पाच वर्षांखालील मुलांविषयीचे आहेत. फक्त अपुऱ्या उष्मांकांचा घटक सगळ्या लोकसंख्येचा आहे, आणि त्यासाठी छोट्या नमुन्याच्या मतपाहणीचा आधार घेतला जातो, असा सरकारचा आक्षेप आहे. २०२४ मध्ये भारताचा क्रमांक १२७ देशांत १०५ वा होता. आक्षेपात तथ्य आहे, पण तो निर्देशांकाच्या नावापुरता आणि जोडणीपुरता आहे. कृशतेचा आकडा आपल्याच सरकारी सर्वेक्षणातला असतो, तो काही या वादाने खोटा ठरत नाही.

उत्पन्न वाढले की आरोग्य आपोआप सुधारते का?

लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये देशांचे उत्पन्न आणि आयुर्मान एका आलेखावर मांडले. गरीब देशांत उत्पन्न थोडे वाढले तरी आयुर्मान झपाट्याने वाढते आणि पुढे वक्र सपाट होत जातो, ही त्यातली प्रसिद्ध गोष्ट. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की १९३० च्या दशकातील वक्रापेक्षा १९६० च्या दशकातील वक्र एकूणच वर सरकला होता. म्हणजे तेवढ्याच उत्पन्नात माणसे पूर्वीपेक्षा अधिक जगू लागली होती. लसीकरण, डासांचा बंदोबस्त, स्वच्छ पाणी आणि आरोग्याचे ज्ञान यांचा वाटा उत्पन्नवाढीपेक्षा मोठा ठरला. श्रीलंका, कोस्टारिका, चीन आणि आपले केरळ यांनी कमी उत्पन्नात मिळवलेल्या आरोग्याचा १९८० च्या दशकात एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा स्त्रीशिक्षण आणि गावापर्यंत पोहोचलेली प्राथमिक सेवा या गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. केळीच्या भावावर सुबत्ता आलेल्या गावांत मुलींची लग्ने कोणत्या वयात होतात, हे पाहिले की या निष्कर्षाचे वजन आपल्याकडेही जाणवते.

दोन आकडे एकत्र वाढतात, म्हणजे एक दुसऱ्याचे कारण असते का?

नाही. २०१२ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात, ज्या देशांत दरडोई चॉकलेट अधिक खाल्ले जाते तेथे नोबेल विजेतेही अधिक असतात, असा २३ देशांचा आलेख छापून आला होता. संबंध चांगला घट्ट होता. कारण दोन्हींच्या मागे श्रीमंती उभी होती.

कारण शोधण्यासाठी संशोधक इतिहासाकडे वळतात. डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये ६४ माजी वसाहतींचा अभ्यास मांडला. जेथे युरोपीय लोक रोगराईने मरत, तेथे ते स्थायिक झाले नाहीत आणि त्यांनी केवळ लूट करणाऱ्या संस्था उभ्या केल्या. त्या संस्था पुढेही टिकल्या आणि ते देश मागे राहिले, असा त्यांचा युक्तिवाद होता. या तिघांना २०२४ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. तरीही डेव्हिड अल्बुई यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले होते, की ६४ पैकी ३६ देशांचे मृत्युदर त्या देशांतले नसून दुसऱ्या देशांवरून लावलेले होते. पुरस्कार आणि आक्षेप ही दोन्ही विद्यार्थ्याने एकत्रच वाचावीत.

याच धर्तीचा, पण देशाच्या आतला अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजांनी ज्या जिल्ह्यांत जमीनदारी लावली, ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणूक व उत्पादकता, शाळा आणि आरोग्य यांत रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या, जिल्ह्यांच्या मागे राहिले, असा त्याचा निष्कर्ष आहे. १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांकडे आलेला खानदेश मुंबई इलाख्यात होता, म्हणून तो रयतवारीच्या रकान्यात जातो, आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीपुरते ते बरोबरही आहे. परंतु अक्कलकुव्याकडच्या काठीसारख्या मेवासी संस्थानांत कारभार संस्थानिकांचा होता, तर डोंगरातल्या जमिनीचा मोठा हिस्सा वनखात्याकडे गेला आणि कसणाऱ्याच्या नावावर आलाच नाही. एकाच जिल्ह्याला एकच रकाना दिल्यावर हा फरक पुसला जातो. नंदुरबार आज मागे का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पुसलेल्या भागात असावे असे मला वाटते, पण हे अनुमान आहे; त्याची तालुकानिहाय तपासणी कोणा विद्यार्थ्याने प्रबंधासाठी जरूर करावी.

अशा संशोधनाला खानदेशातल्या एखाद्या घटनेने वळण दिले आहे का?

होय, आणि ही गोष्ट आपल्याकडेच फारशी सांगितली जात नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची भिंत गुजरातेत असली, तरी त्याच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे येत होती. तेव्हा ती धुळे जिल्ह्यात होती. १ जुलै १९९८ पासून ती नंदुरबारमध्ये आहेत. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पुनर्वसनाविषयीच्या आंदोलनानंतर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र समिती नेमली. हे मोर्स पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुख होते, म्हणजे मानव विकास अहवाल काढणाऱ्या संस्थेचेच. जून १९९२ च्या त्यांच्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेला स्पष्ट शब्दांत दोषी धरले. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षी बँकेने प्रकल्पबाधितांच्या तक्रारी ऐकणारे स्वतंत्र निरीक्षण मंडळ स्थापन केले. १९९४ मध्ये ४४ देशांतील शेकडो संघटनांनी मोठ्या धरणांविषयी जे संयुक्त निवेदन काढले, त्याला अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली या गावाचे नाव देण्यात आले.

त्यातूनच पुढे १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग स्थापन झाला. दक्षिण आफ्रिकेचे काडर अस्माल त्याचे अध्यक्ष होते, आणि मेधा पाटकर यांच्यासोबत धरणे बांधणाऱ्या उद्योगाचे प्रतिनिधीही त्याचे सदस्य होते. आयोगाने देशोदेशींच्या सव्वाशे धरणांची पाहणी केली आणि नोव्हेंबर २००० च्या अहवालात, जगभरात धरणांमुळे चार ते आठ कोटी लोक विस्थापित झाले असावेत, असा अंदाज दिला. अंदाजाच्या दोन टोकांत चार कोटींचे अंतर राहते, कारण बहुतेक देशांनी विस्थापित मोजलेच नव्हते.

भारतापुरता प्रश्न एस्तेर ड्युफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ मध्ये पुढे नेला. धरण कोठे बांधले जाते हे नदीच्या उतारावरही अवलंबून असते, या गोष्टीचा उपयोग करून त्यांनी धरणाचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढला. धरणाखालच्या जिल्ह्यांत सिंचन व उत्पादन वाढले आणि दारिद्र्य घटले. ज्या जिल्ह्यात धरण उभे राहिले तेथे मात्र दारिद्र्य वाढले, असे त्यांना आढळले. नाशिक जिल्ह्यात नांदगावजवळ बांधलेल्या गिरणा धरणाचे पाणी चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याच्या शेतांना मिळते. या उदाहरणात जळगाव हा ‘खालचा जिल्हा’ आहे. नर्मदेच्या बाबतीत नंदुरबार ‘वरचा जिल्हा’ ठरला. दोन्ही खानदेशच, आणि राज्याच्या सरासरीत दोघांची बेरीज शून्याच्या वर दिसू शकते.

पर्यावरणाच्या यादीत भारत शेवटचा कसा आला?

येल आणि कोलंबिया विद्यापीठांच्या २०२२ च्या पर्यावरण कामगिरी निर्देशांकात भारत १८० देशांत १८० वा होता. २०२४ मध्ये तो १७६ वा झाला. २०२२ मध्ये सरकारने घेतलेला मुख्य आक्षेप असा होता, की २०५० सालच्या हरितगृह वायूंच्या अंदाजाला त्यात मोठे वजन दिले आणि तो अंदाज मागील दहा वर्षांचा कल सरळ पुढे ओढून काढला. हा आक्षेप मला रास्त वाटतो. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे आणि अमेरिकेचे त्याच्या सातपट, हेही विसरता येत नाही. साक्री तालुक्यातले सौरऊर्जा प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या ज्या कलाने उभ्या राहिल्या, तो कल जुन्या दशकाच्या रेषेत मावत नाही.

पण हवेचे गुण वेगळे. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी कडक केली. भारताचे स्वतःचे मानक ४० आहे. या सैल मानकाच्या देशातही, हवेच्या निकषांत न बसणाऱ्या शहरांच्या केंद्र सरकारच्या यादीत जळगावचे नाव आहे. त्यासाठी येलला दोष देता येणार नाही.

श्रीमंती वाढल्यावर प्रदूषण कमी होते म्हणतात, ते खरे का?

जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की गंधकाच्या धुरासारखी काही प्रदूषणे आधी वाढतात आणि उत्पन्नाची एक पातळी ओलांडल्यावर घटतात. कार्बनच्या बाबतीत अशी भरवशाची उतरण सापडलेली नाही. जी घट होते तीही आपोआप होत नाही. कायदे, तक्रारी आणि न्यायालये यांच्या दबावाने ती होते. दीपनगरच्या वीज केंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांना राखेविषयी हे वेगळे सांगायला नको.

सरकारे आकडे फुगवतात का?

काही फुगवतात, आणि ते ताडण्याचा एक नामी उपाय निघाला आहे. रात्रीच्या दिव्यांची उपग्रहचित्रे खोटी करता येत नाहीत. लुईस मार्टिनेझ यांनी २०२२ मध्ये दिव्यांची वाढ आणि जाहीर केलेली आर्थिक वाढ ताडून पाहिली, तेव्हा हुकूमशाही देश आपला वार्षिक वृद्धिदर सुमारे ३५ टक्क्यांनी फुगवून सांगतात असे दिसले. हीच चित्रे विनामूल्य मिळतात. भुसावळ-जळगावचा उजळ पट्टा आणि तोरणमाळच्या पलीकडचा अंधार त्यांत घरबसल्या पाहता येतो.

जिल्ह्याचे आकडे इतके जुने का?

कारण २०११ नंतर जनगणना झाली नाही. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि आता १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक ठरला आहे. तोवर दर हजारी खाटा, दरडोई उत्पन्न, एका आशा कार्यकर्तीमागची लोकसंख्या अशा प्रत्येक भागाकाराचा छेद एकतर २०११ चा असतो किंवा त्यावरून काढलेला अंदाज असतो. या उत्तरांत वर दिलेले नंदुरबारचे १६ लाख ४८ हजार हेही तेव्हाचेच आहेत. त्या वेळी पहिलीत बसलेली मुले आता मतदार झाली आहेत.